तेर

तेर : महाराष्ट्र राज्याच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील एक प्राचीन व्यापारी नगर आणि संत गोरोबाकाकांचे समाधिस्थान. ते धाराशिव शहराच्या ईशान्येस सु. २० किमी. वर तेरणा नदीच्या काठी वसले आहे. बालाघाटाच्या पठारावरून वाहणारी तेरणा पुढे मांजरा नदीस मिळते व मांजरेचे पाणी गोदावरीत जाते. नदीकाठची काळी कसदार जमीन कापसास अनुकूल असून नदीच्या गाळाची माती विटा व भांडी यांसाठी उपयुक्त आहे. या दोन गोष्टींनी तेरच्या इतिहासाला आकार दिला. इ. स. च्या पहिल्या दोन शतकांत ‘तगर’ या नावाने हे नगर पाश्चात्त्य जगास ठाऊक होते व येथील कापड समुद्रमार्गे परदेशी जात असे. पुढे हा व्यापार थांबला आणि नगराचे खेडे झाले. परंतु मध्ययुगात एका कुंभार संताच्या वास्तव्यामुळे व विसाव्या शतकात येथे सापडलेल्या पुरावशेषांमुळे महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनात त्यास पुन्हा महत्त्वाचे स्थान मिळाले.

तेर हे स्वतः बंदर नव्हते. पश्चिम किनाऱ्यापासून ते सरळ रेषेत ३०० किमी. हून अधिक आत आहे. तथापि त्याची भरभराट सर्वस्वी बंदरांवर अवलंबून होती. भरुकच्छ (भडोच) येथे जहाजात चढणाऱ्या मालाचा मोठा वाटा येथे तयार होई किंवा येथे गोळा होई. म्हणून सागरी व्यापाराच्या चढउताराचा परिणाम या नगरावर एखाद्या बंदरावर व्हावा तितकाच झाला.

नाव व स्थाननिश्चिती : तगरचा सर्वांत महत्त्वाचा उल्लेख पेरिप्लस ऑफ द एरिथ्रीअन सी या ग्रंथात आढळतो. ईजिप्तमध्ये राहणाऱ्या एका अज्ञात ग्रीकभाषी व्यापाऱ्याने इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास तो लिहिला असावा. बॅरिगाझा म्हणजे भरुकच्छ येथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर आहे, असे तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड व तगरहून साधे कापड, नाना प्रकारची तलम वस्त्रे आणि ‘मोलोखिना’ नावाचे कापड भरुकच्छला येई. हा माल गाड्यांवर लादून धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून नेला जाई, अशीही नोंद त्याने केली आहे. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलविषयक ग्रंथातही तगरचे नाव येते.

हे तगर कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. विल्फर्डने ते देवगिरी मानले. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचविले, तर रा. गो. भांडारकर यांनी बीड जिल्ह्यातील धारूरचे नाव पुढे केले. १९०१ मध्ये जे. एफ्. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे सप्रमाण मांडले आणि त्याच सुमारास हेन्री कझेन्स यांनी प्रत्यक्ष पाहणी करून येथील पांढरीची टेकाडे, विटांची मंदिरे व जुने अवशेष यांचे वर्णन पुरातत्त्व खात्याच्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध केले. पुढील उत्खननांनी या मतास बळकटी आली व आता ते सर्वमान्य झाले आहे.

फ्लीट यांच्या मतास दोन आधार आहेत. पहिला भाषिक. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ग’ गळून पडतो. त्यामुळे ‘तगर’ चे ‘तअर’, ‘तयर’ व शेवटी ‘तेर’ असे रूप होणे स्वाभाविक आहे. दुसरा आधार अंतराचा. भडोच ते पैठण हे अंतर सरळ रेषेत सु. ३५० किमी. व पैठण ते तेर सु. १५० किमी. भरते. ही अंतरे वीस व दहा दिवसांच्या प्रमाणाशी स्थूलमानाने जुळतात आणि दोन्ही टप्प्यांवर लादलेल्या बैलगाडीची दिवसाची मजल जवळजवळ सारखीच येते. दिशेत मात्र फरक पडतो. तेर पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. परंतु पेरिप्लसकाराने किनाऱ्यापलीकडील प्रदेश स्वतः पाहिलेला नसावा; बंदरातील व्यापाऱ्यांकडून ऐकलेली माहिती त्याने दिली, हे लक्षात घेता हा फरक क्षम्य ठरतो.

व्यापाराचे मार्ग व ऋतुचक्र : इ. स. पू. ३० मध्ये ईजिप्त रोमन सत्तेखाली आल्यानंतर तांबड्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या जहाजांची संख्या फार वाढली. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा फायदा घेऊन ही जहाजे जुलैच्या सुमारास ईजिप्तच्या किनाऱ्यावरून निघत व पावसाळ्याच्या अखेरीस भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लागत. ईशान्य वारे सुरू झाले की ती परत फिरत. दख्खनच्या व्यापाऱ्यांना या वेळापत्रकाशी जुळवून घेणे भाग होते. पावसाळ्यात काळ्या जमिनीतून लादलेली गाडी चालत नाही. तेव्हा तगरचे तांडे पाऊस ओसरल्यावर निघत असावेत आणि महिनाभराची वाट चालून, जहाजे माघारी फिरण्यापूर्वी भरुकच्छला पोहोचत असावेत. उशीर झाल्यास वर्षभराचा माल पडून राहण्याचा धोका होता.

नकाशावर पाहता तगरला कल्याण हे बंदर भरुकच्छपेक्षा जवळचे आहे. तरीही माल दूरच्या बंदराकडे का जाई, याचे उत्तर राजकीय परिस्थितीत सापडते. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते, परंतु सत्ताबदलानंतर तेथील व्यापारास अडथळा झाला व तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुकच्छला नेली जात, असे पेरिप्लसमध्ये म्हटले आहे. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्यातील संघर्षाचे प्रतिबिंब त्यात पडले आहे. कापड सातवाहनांच्या मुलखात विणले जाई, परंतु ते परदेशी पाठविण्याचे बंदर मात्र प्रतिस्पर्ध्याच्या हाती होते. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव केला, त्यामागे राजकीय प्रतिष्ठेइतकेच या व्यापारी मार्गांचे महत्त्व होते, असे अनेक इतिहासकार मानतात.

तगर हे केवळ पश्चिमेकडे जाणाऱ्या मार्गाचे टोक नव्हते. समुद्रकाठच्या प्रदेशांतून आलेला इतर मालही तगरला मिळे व तेथून भरुकच्छकडे जाई, अशी नोंद पेरिप्लसमध्ये आहे. तेथे उल्लेखिलेला किनारा पूर्वेकडील, म्हणजे आंध्रचा असावा, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. कृष्णा–गोदावरीच्या मुखाकडील प्रदेशातून कोंडापूरसारख्या ठाण्यांवरून येणारी वाट तगरला मिळत असावी. अशा रीतीने पूर्व व पश्चिम समुद्र जोडणाऱ्या वाटेवर तगर हे माल उतरविण्याचे व पुन्हा लादण्याचे मोठे केंद्र होते. येथील प्राचीन वास्तूंचे आंध्रातील वास्तूंशी असलेले साम्यही हेच सुचविते.

उद्योग व कारागिरी : तगरची कीर्ती कापडाची होती. पेरिप्लसमध्ये नोंदलेल्या तीन प्रकारांपैकी साधे कापड मोठ्या प्रमाणावर जाई. तलम वस्त्रे अधिक मोलाची होती. ‘मोलोखिना’ हे कापड गुलखैऱ्याच्या फुलाच्या रंगाचे होते की ते जाडेभरडे होते, याविषयी मतभेद आहेत. एवढी विविधता असलेला माल सातत्याने पुरविण्यासाठी पिंजारी, कातणाऱ्या स्त्रिया, विणकर व रंगारी यांची मोठी वस्ती नगरात व आसपासच्या गावांत असली पाहिजे. सातवाहनकाळात कारागिरांच्या श्रेणी म्हणजे संघटना होत्या व त्या ठेवी स्वीकारून व्याज देत. नासिकच्या लेण्यांतील शिलालेखांत विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या अशा रकमांचा उल्लेख आहे. तगरसारख्या कापडाच्या नगरातही अशीच व्यवस्था असणे संभवनीय आहे.

या कापडाचा एक धागाही तेरच्या मातीत टिकला नाही. दमट हवामानात सुती वस्त्र नष्ट होते. ईजिप्तच्या कोरड्या वाळूत मात्र ते टिकते. तांबड्या समुद्रावरील बेरेनीके या प्राचीन बंदरात १९९४ पासून झालेल्या उत्खननांत भारतीय सुती कापडाचे तुकडे मिळाले आहेत. त्यांतील एखादा तगरचा आहे असे निश्चितपणे म्हणता येत नाही; तथापि पेरिप्लसमध्ये वर्णिलेल्या व्यापाराची ती प्रत्यक्ष साक्ष आहे.

कापड नाहीसे झाले तरी इतर कारागिरीचे अवशेष विपुल आहेत. अकीक, कार्नेलियन व काच यांचे मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती व हाडांच्या वस्तू, सातवाहनांची नाणी, दिवे आणि मातीच्या मूर्ती तेरच्या टेकाडांतून सापडल्या आहेत. येथील मृण्मूर्तींपैकी केओलिन नावाच्या पांढुरक्या मातीच्या मूर्ती विशेष उल्लेखनीय आहेत. पुढची व मागची बाजू दोन स्वतंत्र साच्यांत काढून नंतर त्या जोडल्या जात. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ व वजनाने हलकी होई. स्त्रियांच्या केशरचना, शिरोभूषणे व दागिने यांचे इतके बारीक तपशील त्यांत आहेत की सातवाहनकालीन वेशभूषेच्या अभ्यासास त्या एक महत्त्वाचे साधन ठरल्या आहेत. रोमन सम्राटांच्या नाण्यांचे ठसे घेऊन केलेली मातीची पदकेही येथे मिळाली आहेत. त्यांना वरच्या बाजूस भोके असल्याने ती गळ्यात घालण्यासाठी वापरली जात असावीत. परदेशी नाणे येथे केवळ चलन म्हणून आले नाही, तर शोभेची वस्तू म्हणून सामान्य माणसापर्यंत पोहोचले, हे त्यांवरून दिसते.

येथील वस्तूंपैकी सर्वाधिक प्रसिद्धी पावलेली म्हणजे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती होय. १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेले, त्यामुळे ही मूर्ती त्यापूर्वी तेथे पोहोचली होती हे निर्विवाद आहे. प्रारंभी ती उत्तर भारतातील मानली गेली. पुढे तेर व भोकरदन (जि. जालना) येथे तिच्याशी निकटचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती उजेडात आल्या आणि पाँपेईची मूर्ती दख्खनमध्ये घडविली गेली असावी, हे मत पुढे आले. तिच्या तळाशी असलेल्या खरोष्ठी अक्षरामुळे या मताविषयी काही शंका राहतात, कारण खरोष्ठी ही वायव्येकडील लिपी होय. परंतु भरुकच्छहून निर्यात होणाऱ्या मालात हस्तिदंताची नोंद पेरिप्लसमध्ये आहेच. तेव्हा दख्खनच्या कारागिराचे काम त्या वाटेने इटलीस जाण्यात अशक्य असे काही नाही.

धर्म व वास्तू : व्यापारी वर्गाच्या आश्रयाने सातवाहनकाळात दख्खनमध्ये बौद्ध धर्माचा मोठा प्रसार झाला. तेरही त्यास अपवाद नव्हते. उत्खननात येथे विटांचा एक मोठा स्तूप उघडकीस आला असून त्याची तलरचना आरे असलेल्या चाकासारखी आहे. हा प्रकार प्रामुख्याने आंध्रातील स्तूपांत आढळतो. त्याच्या परिसरात चापाकार (मागील बाजू अर्धवर्तुळाकार असलेल्या) चैत्यगृहाचे अवशेषही मिळाले.

गावातील त्रिविक्रम मंदिर ही भारतातील अत्यंत दुर्मिळ वास्तूंपैकी एक आहे. ते चापाकार असून विटांचे बांधलेले आहे. त्याचे छत गजपृष्ठाकार आणि दर्शनी भाग चैत्यगवाक्षाच्या आकाराचा आहे. लेण्यांतील चैत्यगृहे खडकात खोदलेली असल्याने टिकली, पण त्यांच्यासारखी जमिनीवर बांधलेली चैत्यगृहे बहुतेक नष्ट झाली. तेरचे हे मंदिर व आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर ही त्यांची टिकून राहिलेली ठळक उदाहरणे होत. मुळात ते बौद्ध चैत्य होते व नंतर त्यात वामनावतारातील त्रिविक्रमाची मूर्ती स्थापन झाली, असे कझेन्स यांच्यापासून अनेकांनी मानले. ते प्रथमपासूनच वैदिक परंपरेतील मंदिर असावे, असेही एक मत आहे. पुढील सपाट छपराचा मंडप हा नंतरच्या काळातील आहे. मंदिर टिकले ते त्यात पूजा चालू राहिल्यामुळे. पूजा थांबलेला स्तूप मातीखाली गेला, तर देवता बदललेली वास्तू उभी राहिली.

उत्तरेश्वर व कालेश्वर ही विटांची मंदिरेही प्राचीन आहेत. उत्तरेश्वराच्या मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट विशेष प्रसिद्ध असून इतक्या जुन्या काळातील लाकूडकाम दख्खनमध्ये क्वचितच आढळते. तेरच्या जुन्या विटांचाही एक गुण सांगितला जातो. त्यांपैकी काही इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचे तूस मिसळून त्या भाजल्याने तूस जळून बारीक छिद्रे उरत व वीट हलकी होई, असे मानतात. गजपृष्ठाकार छताचा भार कमी ठेवण्यास अशा विटा सोयीच्या होत्या. गावात जैन मंदिरही आहे.

ऱ्हास व स्मृती : इ. स. च्या तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्यातील अंतर्गत अस्थैर्यामुळे भारताशी असलेला व्यापार मंदावला. त्याच शतकाच्या पूर्वार्धात सातवाहनांची सत्ताही लयास गेली. बाजार व राजाश्रय ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी गेल्याने तगरचे वैभव ओसरले. या काळात भारतातील अनेक नगरांना उतरती कळा लागली, असा सिद्धांत इतिहासकार रामशरण शर्मा यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विस्ताराने मांडला. हा ऱ्हास सार्वत्रिक होता की काही मार्गांवरील नगरांपुरता होता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तेरच्या बाबतीत परदेशी वस्तूंचा ओघ थांबला हे स्पष्ट दिसते. परंतु वस्ती उठली नाही.

नगराचे नावही विस्मृतीत गेले नाही. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या इ. स. ६१२ च्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी असल्याचे म्हटले आहे. उत्तर कोकण, दक्षिण कोकण व कोल्हापूर येथे राज्य करणारी शिलाहार घराणी आपले मूळ स्थान तगर मानीत आणि ‘तगरपुरवराधीश्वर’ किंवा तत्सम बिरुद धारण करीत. त्यांच्या काळी तगर हे मोठे नगर राहिलेले नव्हते व त्यांच्या राज्यातही नव्हते. तरीही राजघराण्याच्या प्रतिष्ठेसाठी त्या नावाचा उपयोग होत होता. कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत रचलेल्या करकंडचरिउ या जैन काव्यात तेरापूर व धाराशिवची लेणी यांचे वर्णन येते. अशा प्रकारे बाजारपेठ संपल्यावर सात-आठ शतके तगर हे प्रामुख्याने ताम्रपट, बिरुदे व कथा यांत जिवंत राहिले.

संत गोरोबाकाका : तेरचा दुसरा उदय तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. या वेळी त्याचे कारण राजा किंवा व्यापारी नसून एक कुंभार होता. संत गोरा कुंभार (सु. १२६७–१३१७) हे तेरचे रहिवासी. संत ज्ञानेश्वर व नामदेव यांच्या समकालीन संतमंडळींत ते वयाने ज्येष्ठ असल्याने त्यांना सर्वजण ‘काका’ म्हणत. प्रपंचात राहून, मडकी घडवीत त्यांनी विठ्ठलभक्ती केली. चिखल तुडवीत असताना नामस्मरणात देहभान हरपून त्यांच्या पायाखाली स्वतःचे मूल तुडविले गेले, ही त्यांच्या चरित्रातील कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. महिपतींच्या भक्तविजय (१७६२) या ग्रंथामुळे ती घरोघर पोहोचली. त्यांचे मोजके अभंग उपलब्ध असून त्यांत अद्वैतानुभवाचे वर्णन प्रामुख्याने आढळते.

वारकरी परंपरेत तेरला वेगळे महत्त्व आहे ते संतमेळ्याच्या कथेमुळे. गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी कोपऱ्यातील थापटणे पाहून ते कशासाठी आहे असे विचारले. मडके पक्के की कच्चे हे थापटून पाहण्यासाठी, असे उत्तर मिळताच, मग आमचीही परीक्षा करा, असे त्यांनी सुचविले. गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. इतर शांत राहिले; नामदेवांना मात्र राग आला, तेव्हा हे मडके कच्चे आहे, असा निर्वाळा गोरोबांनी दिला. त्यानंतर नामदेवांनी औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांचे शिष्यत्व पत्करले, असे परंपरा सांगते. ही कथा ऐतिहासिक घटना म्हणून सिद्ध करता येत नाही. पण तिच्यातील सामाजिक आशय लक्षणीय आहे. अनेक जातींच्या संतांची पारख करण्याचा अधिकार येथे एका कुंभाराला दिला असून ती पारख त्याच्या धंद्यातील हत्याराने होते. ‘कच्चे मडके’ हा शब्दप्रयोग या कथेच्या आधाराने मराठीत रूढ अर्थाने वावरतो.

शके १२३९ च्या चैत्र वद्य त्रयोदशीस (१३१७) गोरोबाकाकांनी तेर येथे समाधी घेतली, असे मानतात. तेरणेच्या काठी त्यांचे समाधिमंदिर असून चैत्र वद्य पक्षात तेथे मोठी यात्रा भरते. भजन, कीर्तन व दिंड्या यांमुळे या काळात गावाचे रूप पालटते. गोरोबांच्या चरित्राचा प्रभाव मराठी मुलखापुरता मर्यादित राहिला नाही. १९७४ चा कन्नड चित्रपट भक्त कुंबार व १९७७ चा तेलुगू चित्रपट चक्रधारी हे त्यांच्याच जीवनावर आधारित आहेत. ज्या आंध्र–कर्नाटकाशी तगरचे व्यापारी संबंध होते, त्याच प्रदेशांत अनेक शतकांनी तेरचे नाव भक्तिकथेच्या रूपाने पोहोचले.

यादवांनंतर हा प्रदेश बहमनी, त्यानंतरच्या दख्खनी सुलतानशाह्या, मोगल व शेवटी हैदराबादचे निजाम यांच्या अंमलाखाली गेला. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव बदलून २०२३ मध्ये धाराशिव करण्यात आले.

उत्खनने व वस्तुसंग्रहालय : तेरच्या प्राचीन अवशेषांना निसर्गापेक्षा माणसाच्या नित्याच्या व्यवहारापासून अधिक धोका होता. जुन्या वस्तीच्या टेकाडांवरील पांढरी माती घराच्या भिंतींस व धाब्यास उपयोगी पडते, तशीच ती शेतात खत म्हणूनही घातली जाते. जुनी वीट आयती मिळत असल्याने तिला मागणी असे. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या टेकाडे खणली गेली व त्यांबरोबर थरांचा पुरावाही नष्ट झाला. पावसाळ्यानंतर उघड्या पडलेल्या मण्यांना व मूर्तींना गावकऱ्यांच्या लेखी फारसे मोल नव्हते.

या वस्तूंचे महत्त्व ओळखणारी पहिली स्थानिक व्यक्ती म्हणजे तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे. पुरातत्त्वविद्येचे रीतसर शिक्षण नसतानाही त्यांनी शेतांतून, टेकाडांवरून व गावकऱ्यांकडून हजारो वस्तू जमविल्या आणि जतन केल्या. त्यांचा संग्रह पाहण्यासाठी विद्वान तेरला येऊ लागले. ब्रिटिश कलेतिहासकार डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. हा संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन करण्यात आला व त्यातून तेर येथे लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. सातवाहनकालीन दख्खनच्या दैनंदिन जीवनाचा इतका समृद्ध संग्रह एका खेड्यात असणे, ही असाधारण गोष्ट आहे. अशा संग्रहाची एक मर्यादाही आहे. पृष्ठभागावरून वेचलेल्या वस्तू कोणत्या थरातील हे सांगता येत नाही, म्हणून त्यांचा काळ शैलीवरून ठरवावा लागतो.

ही उणीव शास्त्रीय उत्खननांनी काही अंशी भरून काढली. १९५८ मधील उत्खननाचा चापेकर यांनी लिहिलेला अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९६० व १९७० च्या दशकांत आणि अलीकडे २०१४-१५ मध्येही येथे उत्खनने झाली. त्यांतून इ. स. पू. च्या अखेरच्या शतकांपासूनची वस्ती, विटांची बांधकामे, चक्राकार तलरचनेचा स्तूप व रोमन संपर्काचे अवशेष यांचा थरांनुसार पुरावा मिळाला. तथापि प्राचीन नगराचा मोठा भाग आजच्या वस्तीखाली असल्याने विस्तृत उत्खनन करणे अवघड आहे.

मूल्यमापन : तेरच्या इतिहासाची दोन पर्वे एकमेकांपासून हजार वर्षांनी दूर आहेत, तरी त्यांत एक सातत्य आढळते. तगरला धन मिळाले ते कापडामुळे, पण ते कापड, त्याचे कारागीर व व्यापारी यांची नावे यांतील काहीही तेथे शिल्लक नाही. टिकले ते मातीचे : विटांची मंदिरे, साच्यातल्या मूर्ती, मातीची पदके आणि कुंभाराची कथा. परदेशी बाजारावर उभे असलेले वैभव तो बाजार मिटताच संपले. स्थानिक कारागिरी व श्रद्धा यांवर आधारलेले महत्त्व मात्र अनेक राज्ये बदलूनही कायम राहिले. आज तेरला येणाऱ्यांत समाधीच्या दर्शनास येणाऱ्या वारकऱ्यांची संख्या मोठी असून वस्तुसंग्रहालय पाहणारे अभ्यासक व विद्यार्थी तुलनेने थोडे असतात. समाधिमंदिर, त्रिविक्रम मंदिर व वस्तुसंग्रहालय ही तिन्ही एकाच गावात आहेत. यात्रेकरूंना वस्तुसंग्रहालयाकडे वळविता आले, टेकाडांची खणती पूर्णपणे थांबली व विटांच्या मंदिरांची नियमित निगा राखली गेली, तर दख्खनच्या या सर्वांत जुन्या नगरांपैकी एकाचा उरलेला पुरावा पुढील पिढ्यांच्या हाती पडेल. जी टेकाडे अद्याप खणली गेलेली नाहीत, त्यांतच तगरच्या इतिहासाचा अज्ञात भाग दडलेला आहे.